आडवी बाटली, उभी बाटली आणि ऊसतोडीला गेलेल्या बायकांचं मत



नागरिकशास्त्र शिकवताना आपण मुलांना सांगतो की लोकशाहीत राज्य लोकांचं असतं. मग एखादं चुणचुणीत पोरगं विचारतं, "मॅडम, मत तर पाच वर्षांनी एकदाच देतात. मधी लोकांनी काय करायचं?" पुस्तकात उत्तर असतं: ग्रामसभा, निवेदन, मोर्चा, माहितीचा अधिकार. सगळं बरोबर आहे. पण यातल्या एकातही लोकांनी स्वतः प्रश्न मांडून, स्वतः मत देऊन, सरकारला बांधील असा निर्णय घेतलेला नसतो. तसं कुठं होतं का, आणि आपल्या बीड जिल्ह्यातल्या बाईच्या हाती त्यातलं काही आहे का, एवढ्याच विषयावर आज लिहिते. थोडं गणित करावं लागेल, पण सहावीच्या पलीकडचं नाही.

बाहेरच्या देशांत ही सोय जुनी आहे. स्वित्झर्लंडमध्ये १८ महिन्यांत १ लाख सह्या गोळा केल्या की संविधानात बदल करण्याचा प्रस्ताव थेट देशाच्या मतदानाला जातो. अमेरिकेत सगळीकडे नाही, पण दोन डझनाच्या आसपास राज्यांत नागरिकांना हा हक्क आहे. कॅलिफोर्नियात तो १९११ पासून आहे. तिथं साधा कायदा सुचवायचा असेल तर गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली त्यांच्या ५ टक्के सह्या लागतात, राज्याच्या संविधानात बदल सुचवायचा असेल तर ८ टक्के. सह्या तपासल्या जातात, प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो आणि 'होय'ची मतं 'नाही'पेक्षा जास्त झाली की तो मंजूर. आमदारांनी हात वर करायची गरज नाही.

हे सगळं गोडच आहे असं समजू नका. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी 'प्रस्ताव १३' मंजूर केला आणि घर-जमिनीवरच्या कराला १ टक्क्याची मर्यादा घातली. घरमालक खूश झाले, पण तिथल्या शाळा याच करावर चालायच्या. स्थानिक पैसा आटला आणि शाळांना राज्य सरकारकडे बघत बसावं लागलं. पैसे देऊन सह्या गोळा करणाऱ्या कंपन्याही तिथं आहेत. आणि ज्या स्वित्झर्लंडचं आपण एवढं कौतुक करतो, तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला १९७१ मध्ये. तोही पुरुषांनी मतदान करून दिला तेव्हा.

आता आपल्याकडे. भारतात सह्या गोळा करून राज्याचा कायदा मतदानाला लावायची तरतूद नाही, महाराष्ट्रातही नाही. सरकारने स्वतः होऊन लोकांना विचारल्याचं आपल्या शेजारचं ठळक उदाहरण म्हणजे गोव्याचा जनमत कौल, त्याच्याकडे पुढे येऊ. पण नागरिकांनी सह्या करायच्या, त्यावर मतदान घेणं प्रशासनाला भाग पडायचं आणि निकाल लागू व्हायचा, अशी एक जागा महाराष्ट्रात आहे. तिला आपण सगळे 'आडवी बाटली' म्हणतो.

महाराष्ट्रात दारूचे परवाने १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली दिले जातात. हो, नाव दारूबंदीचं आणि काम परवान्याचं, मुलांना हे सांगितलं की ती हसतात. याच कायद्याच्या आधारे २५ मार्च २००८ च्या आदेशाने गावाला आणि शहरातल्या प्रभागाला आपल्या हद्दीतलं परवानाधारक दुकान बंद करून घ्यायची वाट दिली. ती अशी: गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, किमान २५ टक्के लोकांनी सहीनिशी मागणी करायची. राज्य उत्पादन शुल्क खात्यामार्फत सह्यांची पडताळणी होते. सह्या खऱ्या निघाल्या की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मागणी बायकांची असेल तर मतही फक्त बायकांचं. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद.

मला या नियमाचं मनापासून कौतुक वाटतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही चित्र कळतं. गावातल्या एका प्रश्नावर फक्त बायका मत देतात आणि पुरुष पारावर बसून निकालाची वाट बघतात, असा प्रसंग मला तरी दुसरा माहीत नाही. मुलांना थेट लोकशाही शिकवायची असेल तर स्वित्झर्लंडला जायची गरजच नाही.

पण या नियमात एक शब्द आहे, तो नीट वाचा. निम्म्याहून जास्त मतं. कशाच्या निम्मी? झालेल्या मतदानाच्या नव्हे. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या.

गणिताच्या भाषेत, सगळा खेळ छेदाचा आहे. अंशाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, किती बाया आल्या, किती मतं पडली. छेदाकडे कुणी बघत नाही. मी शेकडेवारी शिकवताना वर्गात हा प्रयोग केला होता. डिसेंबरचा महिना, पटावर ३६ मुलं, हजर २४. बाकीची कुठं असतील ते आपल्या भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. मधल्या सुट्टीनंतर कबड्डी खेळायची की गोष्टींची पुस्तकं वाचायची, यावर चिठ्ठ्या टाकून मतदान घेतलं. कबड्डीला १७, पुस्तकांना ७. मुलं उठून बाहेर पळायला लागली. मी म्हटलं, थांबा, पटावर ३६ आहेत, निम्मे १८, कबड्डीला त्याहून जास्त मतं पाहिजेत आणि पडलीत १७. कबड्डी हरली. वर्गात असा गलका झाला म्हणता! मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, जे आलेच नाहीत ते पुस्तकाच्या बाजूनं कसे काय झाले?" त्याच कागदावर आम्ही मग दोन्ही शेकडेवाऱ्या काढल्या. २४ पैकी १७ म्हणजे जवळपास ७१ टक्के. ३६ पैकी १७ म्हणजे ४७ टक्के. मतं तीच, मुलं तीच. (शेवटी कबड्डी खेळू दिली, नाहीतर दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी माझं ऐकलं नसतं.)

त्या मुलीचा प्रश्न आपण आता गावाला लावून बघू.

आपलं दिंद्रुड माजलगाव तालुक्यात. इथून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून, धारूरच्या डोंगरपट्ट्यातून, दसरा-दिवाळी झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. जोडी म्हणजे एक कोयता. म्हणजे गेली तर बाई जातेच. परत यायला फाल्गुन-चैत्र उजाडतो. वर्षातले पाच-सहा महिने या बायकांचं नाव गावच्या मतदार यादीत असतं आणि त्या असतात दोन-तीनशे किलोमीटरवर, पाचटाच्या कोपीत.

समजा एका गावात १२०० महिला मतदार आहेत. हे गाव मी गणितासाठी घेतलंय, शोधायला जाऊ नका. २५ टक्के म्हणजे ३०० सह्या झाल्या. मतदानाची तारीख लागली जानेवारीत. आडवी बाटली जिंकायला ६०१ मतं हवीत. पण ४०० बायका ऊसतोडीला गेल्यात. आणखी ६० नावं अशी, की ती माणसं एकतर वारलीत किंवा लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदतायत आणि नाव मात्र इथल्या यादीतून निघालेलं नाही. गावात प्रत्यक्ष राहिल्या ७४०. त्यातल्या ६०१ जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे, म्हणजे शंभरातल्या ८१. आता समजा या ७४० पैकी शंभरात ७५ अशा हिशोबाने ५५५ बायका मतदानाला आल्या, जे प्रमाण कुठल्याही निवडणुकीत चांगलंच म्हणतात. आणि सगळ्याच्या सगळ्या ५५५ जणींनी आडवी बाटली केली, उभ्या बाटलीला एकही मत नाही. निकाल काय? दुकान चालू.

एकही बाई दुकानाच्या बाजूने नसताना दुकान जिंकलं. कारण कोपीत बसलेल्या ४०० जणींचं मत, त्यांना न विचारता, उभ्या बाटलीत मोजलं गेलं. त्यातल्या कितीजणी मुकादमाची उचल फेडायला गेल्यात आणि त्या उचलीतली किती रक्कम त्याच दुकानात गेली, हे त्या स्वतःच सांगू शकतात. पण त्यांना विचारायला कुणी जात नाही. सीमेवरच्या सैनिकाला टपाली मत आहे. निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेल्या तुम्हा-आम्हा शिक्षकांनाही आहे. ऊसतोडीला गेलेल्या बाईला नाही.

आता गोव्याकडे येऊ. १६ जानेवारी १९६७ ला गोवा, दमण आणि दीवच्या भविष्यावर मतदान झालं. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश राहायचं? दयानंद बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे, डॉ. जॅक सिक्वेरा विरोधातले. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. तिथंही चित्रंच होती: फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. मतदार होते ३,८८,४३२, मतदान झालं ३,१७,६३३. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली आणि गोवा वेगळा राहिला. पुढे ३० मे १९८७ ला स्वतंत्र राज्य झाला.

आता हे आकडे आपल्या बाटलीच्या नियमात घाला. ३,८८,४३२ चे निम्मे १,९४,२१६. दोन पानांची मतं त्याच्या बरीच खाली, शंभरात ४४. म्हणजे एका प्रदेशाचं नाव-गाव, भाषा, भवितव्य ठरवायला ४४ टक्के पुरले, कारण तिथं छेद होता झालेल्या मतदानाचा. आणि गावातलं एक देशी दारूचं दुकान हलवायला मात्र यादीतल्या निम्म्याहून जास्त बायका पाहिजेत. एवढं लांब जायलाही नको. आपला आमदार, आपला सरपंच यांना कुणी विचारतं का की एकूण यादीच्या निम्मी मतं पडली का? ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. लाखोंचा विकास आराखडा अशा सभेत मंजूर होतो. यादीतल्या निम्म्यांहून जास्त जणांची अट बायकांच्या या एकाच प्रश्नाला का, याचं पटण्यासारखं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

दुसरी बाजूही ऐकून घेऊ. परवानाधारकाने सरकारकडे शुल्क भरलेलं असतं, त्याचा कायदेशीर धंदा असतो; उद्या ८० बाया जमल्या आणि ७० जणींनी आडवी बाटली केली म्हणून दुकान बंद करणं बरोबर होईल का? नाही होणार. म्हणून किमान अट हवीच. पण ती वेगळ्या पद्धतीने घालता येते: झालेल्या मतदानात बहुमत हवं, आणि ते बहुमत एकूण यादीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नको. आपल्या काल्पनिक गावात मग ४०० मतं लागतील. ५५५ आलेल्या बायका दुकानाचं काय ते खरोखर ठरवू शकतील, या बाजूने किंवा त्या बाजूने. आणि न येणारीचं मत कुणाच्याच पारड्यात पडणार नाही.

दारूबंदीने दारू सुटते का, हा वेगळा वाद आहे आणि तो मी इथं घालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली, २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. आडवी बाटली जिंकली तरी बंद होतं ते परवान्याचं दुकान. हातभट्टी आणि ढाब्यामागची विक्री पोलिसांचं काम आहे, ते मतपत्रिकेने होत नाही. हे सगळं खरं मानूनही बायकांनी मागितलेल्या मतदानाचा हिशोब सरळ असला पाहिजे. दुकान राहावं असं बहुमताला वाटलं तर राहू दे की.

सह्यांचंही थोडं सांगते. मत गुप्त असतं, सही गुप्त नसते. ३०० बायकांनी नावानिशी कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा, आणि पडताळणीला पुन्हा अधिकाऱ्यापुढे उभं राहून "होय, ही माझीच" असं म्हणायचं. दुकानदार त्याच गावचा असतो, कधी भावकीतला असतो, बाईचा नवरा त्याच्याकडे उधारीवर असतो. पडताळणीच्या दिवशी चावडीबाहेर कोण कोण उभं आहे, हे येणारी प्रत्येक बाई बघते. ही पायरी ओलांडलेल्या ३०० जणींना नंतर छेदाने हरवायचं, याचा मला राग येतो.

नियम बदलणं मंत्रालयाचं काम आहे आणि ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही शिक्षकांच्या ओळखीच्या आहेत.

पहिली मतदार यादी. बीएलओचं काम आपल्यातल्या अनेकांच्या गळ्यात पडलेलं असतं आणि आपण त्याला नावं ठेवतो. मीही ठेवते, शाळा सोडून दारोदार फिरायला कुणाला आवडेल! पण वर ज्या ६० नावांमुळे छेद फुगला, ती कमी करण्याचा कागद आपल्याच पिशवीत असतो. वारलेल्यांसाठी नमुना ७, सासरी गेलेल्या मुलीचं नाव हलवायला नमुना ८, नव्याने आलेल्या सुनेचं नाव कुठंच नसेल तर नमुना ६. सुनांची नावं घालायचं घरची माणसं वर्षानुवर्षं विसरतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. जिचं नाव यादीतच नाही तिला सहीही नाही आणि मतही नाही. पालकहो, तुमच्या घरातल्या सुनेचं नाव यादीत आहे का, ते आजच बघा.

दुसरी गोष्ट तारीख. तारीख जिल्हाधिकारी ठरवतात, पण अर्ज कधी द्यायचा हे बायका ठरवतात. दिवाळीनंतर अर्ज दिला तर पडताळणी आणि मतदान दोन्ही ऊसतोडीच्या हंगामात जातं. टोळ्या परत आल्यावर, १ मेच्या ग्रामसभेच्या आगेमागे अर्ज दिला तर सह्या करणाऱ्या बायका पडताळणीला गावात सापडतात, आणि मतदान पोळा ते घटस्थापना या दिवसांत व्हावं अशी मागणी करता येते. खुरपणी आटोपलेली असते, सोयाबीन काढणीचा जोर अजून धरलेला नसतो, आणि कोयते अजून गावातच असतात.

अर्जात ही मागणी नुसती विनंती म्हणून न घालता आकड्यासह घाला: या गावातल्या एवढ्या महिला मतदार अमुक महिन्यापासून ऊसतोडीसाठी बाहेरगावी असतात, सबब मतदान त्याआधी घ्यावे. हा आकडा कुठून आणायचा असं कुणी विचारलं तर शाळेत या. हंगामी वसतिगृहासाठी दरवर्षी आपण स्थलांतरित कुटुंबांचं सर्वेक्षण करतोच. कुठल्या घरातून कोण, कधी गेलं, कुठल्या कारखान्याला गेलं, सगळं त्या रजिस्टरला लिहिलेलं असतं. मुलांची नावं बाजूला ठेवून नुसती बायकांची बेरीज करून द्यायला अर्धा तास पुरतो.